भिवराबाईचा उजवा हात आणि पिवळं बदक

ताडकळसच्या शिवारात, गावापासून थोडी बाजूला, एक लहानशी वाडी आहे. तिथं कुणाची शेळी लाथा झाडायला लागली किंवा पान्हा चोरायला लागली की एकच नाव निघतं, भिवरामाय. निरोप आला की भिवराबाई हातातलं काम टाकते, पदर खोचते, शेळीच्या मागं उकिडवी बसते आणि कासेवरून एकदा ओला हात फिरवते. मग अंगठा आत दुमडून बोटं वरून खाली अशी एकामागं एक मिटत आणते की शेळीला वाटतं, आपलं करडूच लुचतंय. चरवीत धार वाजते तेवढाच काय तो आवाज. हे सगळं करतो तो तिचा उजवा हात. डाव्या हाताकडं दोनच कामं, शेळीची तंगडी धरणं आणि सुनेला हातवारे करणं.

सून म्हणजे शीला. तिची पोरं शाळेत जायला लागली तरी सासूनं तिला एकदाही धार काढायला बसू दिलं नव्हतं. "तुजा हात गरम हाय, शेळी बिचकती," एवढंच कारण. शेण भरायला, पाणी शेंदायला आणि कडबा तोडायला मात्र तोच हात बरोबर थंड असायचा.

घरात आणखी दोन मोठी माणसं. नवरा येडबा, ज्याचा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेला आणि ज्याला माणसांशी बोलायची फारशी सवय लागलीच नाही. घरातलं बोलायचं काम भिवराबाईनं लग्नाच्या वर्षीच अंगावर घेतलं आणि येडबानं ते कधी परत मागितलं नाही. आणि मुलगा बबलू. त्याचा टेम्पो आहे, हंगामात कापूस भरून तो मानवतला नेतो. मेंढरं केव्हाच विकली गेली होती. गोठ्यात उरली होती ती शेरडं, आणि बबलूचा डोळा त्या गोठ्यावर होता. टेम्पो उन्हापावसात उभा राहतो आणि शेरडं सावलीत बसून रवंथ करतात, हे त्याला बघवत नसे.

तर अशा या घरात एका सकाळी भिवराबाईच्या हातातून चरवी सुटली.

काबरी नावाच्या ठिपक्याठिपक्यांच्या शेळीची धार चालू होती. काबरी म्हणजे घरातली सगळ्यात नखरेल. तिची करडं बाजारात विकल्यापासून ती दुसऱ्या कुणाला कासेजवळ येऊ देत नसे. धार काढता काढता भिवराबाईचा उजवा हात एकदम दुसऱ्याचा झाल्यासारखा झाला. बोटं दिसत होती, पण ऐकत नव्हती. दूध सांडलं. थोड्या वेळानं हात मुकाट परत आला, काही झालंच नाही असा. भिवराबाईनं काबरीच्या पाठीत एक धपका घातला आणि सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळी झाली.

दुसरी खेप मात्र लपवता आली नाही, कारण त्या वेळी ती शीलाला बोलत होती. शीलानं शेरडांना भिजलेला कडबा टाकला होता आणि भिवराबाईनं तिच्या माहेरापासून सुरुवात केली होती. माहेरचा कडबा, माहेरची शेरडं, माहेरची माणसं असं क्रमानं चाललेलं असताना मध्येच शब्दांचा लगदा झाला. "तुज्या मायनं" इथवर नीट, आणि पुढं नुसतं बोबडं काहीतरी, तोंडात गरम भाजी धरल्यासारखं. शीलाला आधी वाटलं हा टोमण्याचा नवा प्रकार असेल. मग तिला थोडं हसू आलं. मग तिनं सासूच्या ओठाचा खाली आलेला कोपरा पाहिला आणि फोन हुडकायला घेतला. सासू अर्ध्या वाक्यात थांबली हे ती या घरात पहिल्यांदाच पाहत होती.

चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात भिवराबाई पुन्हा ठीक झाली आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच तिनं ते पुरं केलं. पण तोवर शीलानं बबलूला फोन लावला होता.

परभणीत मानेची सोनोग्राफी झाली आणि तिथून त्यांना नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर मान काढून समजावलं. मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचून वाट अगदी चिंचोळी झालीय. त्या थराचे कण सुटून मेंदूत जातात, म्हणून हात जातो, बोलणं जातं. अजून तरी परत येतंय. एखाद्या दिवशी यायचं नाही. उपाय म्हणजे आतून एक बारीक जाळीची नळी बसवायची, ती फुलून वाट मोकळी ठेवील. डॉक्टर माणूस सरळ होता. त्यानं हेही सांगितलं की बहुतेकांचं नीट पार पडतं, पण थोड्यांना जाळी बसवतानाच झटका येतो. ज्याच्यापासून वाचवायला हे करायचं, तेच होऊन बसतं.

"कोन्या अंगाला?" भिवराबाईनं विचारलं.

"नळी डावीकडची, म्हणजे झटका उजव्या अंगाला. उजवा हात, आणि बोलणं."

मग कोपऱ्यातून येडबा बोलला, आणि तो बोलला याचंच सगळ्यांना नवल वाटलं. "तोंडाचं आमी बगून घिऊ, डाक्टरसाब," तो म्हणाला. "हात तेवढा वापस द्या."

डॉक्टरांनी तोंड कागदात लपवलं. शीला खिडकीबाहेर बघायला लागली. भिवराबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. पण राग काही तिला पुरता धरून ठेवता येईना, कारण तिच्या मनातही तेच होतं.

परतताना टेम्पोत बबलूनं विषय काढला. आता माय एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठणार, तिला शेरडांचं झेपायचं नाही. मानवतचा भुजंग व्यापारी ओळखीचा आहे, सगळी शेरडं एकदम उचलील. गोठा मोकळा होईल. टेम्पोचं नाव त्यानं काढलं नाही, पण त्याच क्षणी टेम्पो खड्ड्यातून असा उसळला की सगळ्यांना ते ऐकू गेल्यासारखं झालं.

भिवराबाईनं बराच वेळ बाहेरची कापसाची रानं पाहिली. "बबल्या," ती म्हणाली, "माजा हात माज्यासंगं घरी आला, तर शेरडं ऱ्हातील. न्हाई आला, तर इक. मी डोळं मिटून बसते, तू हाकून ने."

"कबूल," बबलू म्हणाला. मध्ये अंग चोरून बसलेली शीला दोघांची साक्षीदार झाली.

जाळी बसवायच्या दिवशी भिवराबाईला पहिला धक्का बसला तो वाटेचा. दुखणं मानेत आणि नळी घालणार मांडीच्या सांध्यातून. तिनं ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. वाडीत चोरही मागच्या कुडातूनच येतात हे आठवून मग तिला थोडं पटलं, पण तिथं कामाला बाप्ये माणसं किती आहेत हे पाहून पुन्हा पटेना. शेवटी गीताबाई नावाची सिस्टर पुढं झाली. ती पूर्णेकडचीच निघाली. तिनं चादरी अशा काही अंथरल्या आणि बाजूला केल्या की जेवढी मांडी लागते तेवढीच उघडी राहिली. भिवराबाईनं तिला तिथल्या तिथं आपलं माणूस ठरवून टाकलं.

भूल फक्त सांध्यापुरती होती, बाई पुरती जागी. डॉक्टर आपण काय करतोय ते सांगत होते. नळी मानेपर्यंत गेली की ते त्या जागेच्या पलीकडं एक बारीकशी छत्री उघडणार, कण सुटले तर ते छत्रीत अडकणार, आणि शेवटी छत्री मिटून बाहेर काढणार. "मिटायची याद ठिवा," भिवराबाईनं बजावलं. मग गीताबाईनं तिच्या उजव्या हातात काहीतरी गुळगुळीत दिलं. रबराचं पिवळं बदक होतं, लहान पोरांचं. डॉक्टर म्हणाले, मी सांगेन तेव्हा हे दाबायचं. हे वाजलं की मला कळेल, तुमचा मेंदू आणि हात दोन्ही जागेवर आहेत.

भिवराबाईला आतून गुदगुल्या झाल्या. एवढी मोठी यंत्रं, एवढे हिरवे कपडे, आणि सगळा भरोसा एका बदकावर.

"आजी, दाबा."

तिनं दाबलं. आवाज आला नाही.

"दाबा आजी. जोरात."

ती दाबतच होती. मनापासून दाबत होती. बदक गप्प. डोळ्यांवरच्या दिव्याच्या कडेनं तिला दिसलं की डॉक्टरांचे हात जागच्या जागी थांबलेत. कुणीतरी ब्लड प्रेशरचा आकडा सांगितला. कुणीतरी तिला नाव विचारलं, गाव विचारलं. तिनं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं धडाधड सांगितलं आणि वर वाडीला जायला कुठल्या फाट्यावर उतरायचं तेही. बोलणं तर शाबूत होतं. मग हातालाच काय झालं?

गीताबाईनं चादर उचलून पाहिलं. भिवराबाईचा अंगठा आत दुमडलेला होता. बोटं बदकाच्या मानेपासून एकामागं एक मिटत शेपटीपर्यंत हळुवार उतरत होती, मग सैल होत होती, आणि पुन्हा मानेपासून मिटत होती. बदकातली हवा इतक्या मायेनं बाहेर निघत होती की तिला ओरडायचं काही कारणच नव्हतं.

"सर," गीताबाई म्हणाली, आणि तिला पुढं बोलताच येईना. हसू दाबून कसंबसं तिनं वाक्य पुरं केलं. "मावशी बदकाची धार काढायल्यात."

डॉक्टरांचा मास्क वरखाली झाला. गीताबाईनं कानाशी वाकून सांगितलं, मावशी, लिंबू पिळल्यावानी दाबा, ह्याला दूध न्हाई. मग भिवराबाईनं असं काही पिळलं की बदकाच्या किंकाळीनं खोली भरून गेली. बाहेर बाकावर बसलेल्या येडबालाही ती ऐकू गेली आणि आत लहान लेकरू कुणाचं आलंय, असं त्यानं शीलाला विचारलं.

पुढचं काम झपाट्यानं झालं. चिंचोळ्या जागी फुगा फुगवला तेव्हा मात्र भिवराबाईचं सगळं अंग हलकं झालं. लहानपणी जत्रेत ती पाळण्यात बसली होती. पाळणा वरून खाली येताना पोटात जे होतं, ते पोटातून निघून डोक्यात गेलं. छाती मध्येच थांबून विचार करायला लागल्यासारखी धीमी झाली. मानेतली ती जागा दाबली गेली की काळजाची गती उतरते, डॉक्टरांना ते माहीत होतं. सुईतून औषध गेलं, "खोका आजी, खोका" असा सगळीकडून गलका झाला, आणि भिवराबाई पाळण्यातून उतरल्यासारखी खोकत खोकत जमिनीवर आली. बदक वाजलं. जाळी बसली. छत्री मिटली.

तिला वाटलं जिंकलं.

पण दुपारी, सुईचा पाय सरळ ठेवून अतिदक्षता विभागात पडलेली असताना, उजवा हात पुन्हा जड व्हायला लागला. प्रेशर खाली आलं होतं, वर चढायचं नाव घेत नव्हतं, डोकं गरगरत होतं आणि बोटं कणकीची झाली होती. तिनं चादरीखाली बदक दाबून पाहिलं. लिंबू पिळल्यासारखं दाबलं. बदक गप्प. या खेपेला ते खरंच गप्प होतं.

आणि नेमका तेव्हाच बबलू भेटायला आत आला. कसं काय वाटायलंय, हात कसा हाय, त्यानं विचारलं. खिशातला फोन थरथरत होता. भिवराबाईला त्या फोनात भुजंग व्यापारी दिसला, गोठा रिकामा दिसला, काबरी टेम्पोत चढताना दिसली. तिनं दोन्ही हात चादरीखाली घेतले आणि म्हणाली, ऐक. बदक वाजलं. पुन्हा वाजलं. बबलूनं मान डोलावली, बरं हाय म्हणाला, आणि थोडा हिरमुसून, थोडा खूश होऊन, म्हणजे लेकराचं जसं होतं तसा, बाहेर गेला.

गीताबाई खाटेच्या डाव्या बाजूला उभी होती. चादरीखाली डावा कोपर हलताना तिनं पाहिला होता.

"मावशी," ती म्हणाली, "शेळीनं पान्हा चोरला तर तुमाला कळतं का न्हाई?"

"कळतं की."

"मला बी कळतं."

भिवराबाईनं तिचा हात धरला, डाव्या हातानंच, आणि शेरडांची सगळी हकीगत एका दमात सांगितली. कबुली कशी झाली, टेम्पो कसा उसळला, काबरी कशी गुणाची. गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की लपवलं तर हात जाईल, सांगितलं तर वाचंल, आता बोला काय करू. भिवराबाईनं डोळे मिटून घेतले आणि सांग म्हणून मान हलवली.

मग धावपळ झाली. डोक्याचा फोटो निघाला. मोठा झटका नव्हता. जाळीनं मानेतली ती जागा चेपली जाते म्हणून प्रेशर उतरलं होतं आणि मेंदूला रक्त कमी पडत होतं. सलाइन वाढवलं, पायाकडून खाट उंच केली, प्रेशर वर आणायचं औषध सुरू झालं. डोकं खाली आणि पाय वर अशा थाटात भिवराबाई संध्याकाळपर्यंत पडून राहिली. खिडकीतून ऊन उतरलं तसतसा हात परत आला. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारची दोन बोटं. शेवटची दोन मात्र आळसावल्यासारखी मागंच राहिली. बोलावलं की जरा विचार करून यायची.

सुट्टी देताना डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज, एकही दिवस चुकायच्या नाहीत, नाहीतर जाळीत गुठळी होईल. थोडे दिवस उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. जाळी पुन्हा भरू शकते, म्हणून महिन्यानं मानेची सोनोग्राफी. शीलाला त्यांनी वेगळं बजावलं की या बोलता बोलता गप्प झाल्या किंवा हात ढिला पडला, तर लगेच बदक हातात देऊन दाबायला लावायचं, नाही वाजलं तर गाडी काढायची. बदक त्यांनी भेट म्हणून दिलं. बोटांना व्यायाम म्हणून रोज दाबा, म्हणाले.

आता वाद उरला तो एवढाच, की हा हात आला म्हणायचा का नाही. बबलूचं म्हणणं, दोन बोटं कमी आली. भिवराबाईचं म्हणणं, बोटं मागून येतील, पाव्हणे काय सगळे एकाच गाडीनं येतात का? शेवटी ठरलं की ताडकळसच्या बाजाराला भुजंग येणारच आहे, तेव्हा त्याच्यादेखत काबरीची धार काढून दाखवायची. निघाली तर शेरडं राहिली.

मधले दिवस घरात नुसती जत्रा होती. बायका जाळी बघायला यायच्या. मानेला हात लावून बघायच्या, टोचती का, वाजती का, पाण्यात गंजायची तर न्हाई ना, असं विचारायच्या. भिवराबाई खाटेवर टेकून सगळ्यांना मान देत होती, जसं काही नवा दागिना केलाय. मांडीवर वांग्याच्या रंगाचा भलामोठा डाग उतरला होता, तो फक्त निवडक बायकांना, दार लोटून. उठताना डोळ्यांपुढं चांदण्या चमकायच्या, मग ती खुदकन हसायची आणि पुन्हा बसायची. एकदा बाभळीचा काटा लागला तर एवढ्याशा ओरखड्याचं रक्त थांबेना. शेजारीण म्हणाली गोळ्याच बंद करा. शीलानं फडकं दाबून धरलं, दवाखान्यात फोन केला, आणि गोळ्या शेजारणीच्या डोळ्यांदेखत सासूच्या तोंडात घातल्या.

काबरी मात्र रुसली होती. आता नाइलाजानं शीला धारेला बसायची, तर ती कास चोरायची, लाथ मारायची. थोडंसं दूध निघे, तेही उपकार केल्यासारखं. शीलाच्या नडगीवर काबरीच्या खुराचे शिक्के उठले होते. भिवराबाई आतून ओरडून सूचना द्यायची, पण गोठा घरामागं, आणि सूचना अर्ध्या वाटेतच वाऱ्यावर जायच्या.

बाजाराच्या दिवशी भुजंग आला. जाड मिशा, पांढरीशुभ्र विजार. त्यानं शेरडांच्या पाठी चाचपल्या, दात पाहिले, चहा घेतला. येडबा दाराशी कांबळ्यावर बसला. उकिडवं बसायला मनाई, म्हणून येडबानंच तोड काढली होती. अंगणात बाज टाकली, बाजेवर फळी, आणि काबरीला वर चढवलं. शेळी बाजेवर आणि बाई खुर्चीवर. काबरी तिथून सगळ्या वाडीकडं अशी बघायला लागली जसं काही तिला सरपंच केलंय. कुडावर पोरं, वळचणीला बायका, सगळा गाव हसायला तयार.

भिवराबाईनं ओला हात फिरवला. अंगठा दुमडला. त्याच्या शेजारची दोन बोटं नीट मिटली, शेवटची दोन मागंच रेंगाळली, आणि दूध सडातून खाली यायच्या ऐवजी वर कासेत परत गेलं. तिनं पुन्हा केलं. काबरीनं मागं वळून पाहिलं. हा हात ओळखीचा होता, पण त्याची चाल ओळखीची नव्हती. तिनं पान्हा घट्ट धरून ठेवला. पुन्हा. एक थेंब फळीवर पडला.

बबलू चपलेकडं बघत उभा राहिला. जिंकायला निघालेल्या माणसाचं तोंड असं पडलेलं नसतं. आणि भिवराबाई, जिनं आतापर्यंत काबरीला, बाजेला, भुजंगच्या मिशांना सगळ्यांना नावं ठेवली असती, ती काहीच बोलली नाही. हात कासेवर, डोळे कुठंतरी.

शीलानं हे गप्प बसणं एकदा पाहिलं होतं. ती आत पळाली, उशीखालचं बदक घेऊन बाहेर आली आणि सासूच्या उजव्या हातात कोंबलं.

"आत्या, दाबा. आधी दाबा."

भिवराबाईला कळेना काय चाललंय. पण इतक्या दिवसांच्या सवयीनं तिनं लिंबू पिळावं तसं पिळलं. बदक किंचाळलं, बारीक, भुकेलं, लांबट.

काबरीचे दोन्ही कान ताठ झाले. तिनं मान वर करून असं काही बेंऽ करून उत्तर दिलं की भुजंगच्या हातातली बशी हलली. मागचे पाय आपसूक फाकले, कास भरून आली आणि सडांतून थेंब टपटप फळीवर पडायला लागले.

काबरीला बदकात आपलं करडू ऐकू आलंय हे भिवराबाईला एकदम कळलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं पुन्हा बदक दाबलं. काबरीनं पुन्हा उत्तर दिलं. दूध फळीवरून बाजेच्या सुंभातून खाली जायला लागलं.

"बगत काय उभी ऱ्हायलीस, चरवी घे," ती शीलावर ओरडली. "अंगठा आत. आत म्हन्ते ना. तुज्या मायनं तुला कडबा तोडायला शिकवलं, धार काढायला कोण शिकवणार? वरून खाली. पिळू न्हको, ती काय लिंबू हाय?"

शीला बसली. पहिली धार चरवीऐवजी भुजंगच्या विजारीवर गेली. दुसरी चरवीत वाजली. सासू बदक वाजवत होती, काबरी बोलत होती, सून धार काढत होती, आणि शीलाला त्या शिव्या ऐकून इतकं हलकं वाटत होतं की तिचंही हसू चरवीत सांडायला लागलं. कुडावरची पोरं प्रत्येक किंकाळीला टाळ्या वाजवत होती.

चरवी भरत आली तेव्हा बबलूला आपली बाजू आठवली. धार मायनं न्हाई, शीलानं काढली, तो म्हणाला. कबुली मायच्या हाताची होती.

"मंग बदक काय तुज्या बानं वाजवलं?" भिवराबाईनं विचारलं आणि उजवा हात वर करून दाखवला. बदक त्या हातात होतं.

भुजंग विजार झटकत उठला. आजवर बरीच जनावरं बघितली, तो म्हणाला, पण हे न्हवतं बघितलं. "बकऱ्या ऱ्हाऊ द्या मामी. बदक देता का?"

तेव्हा दाराशी बसलेला येडबा खाकरला. सगळे वळले.

"हात आला," तो म्हणाला. "तोंड बी आलं. बबल्या, टेम्पोवर ताडपत्री टाक."

बबलूनं आईकडं पाहिलं, बाजेवर उभं राहून रवंथ करणाऱ्या काबरीकडं पाहिलं, आणि त्यालाही हसू आलं. तो काबरीला खाली उतरवायला गेला तर तिला ती जागा आवडली होती, ती उतरेना.

शीला चरवी घेऊन उठली. भिवराबाईनं तिला थांबवलं, तिचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला, तीन बोटांनी घट्ट आणि दोन बोटांनी जरासा सैल, आणि तळवा चाचपून पाहिला.

"गरमच हाय," ती म्हणाली. "पन चालंल. उद्या सकाळी लवकर ऊठ."